वाचकांचे प्रश्न : ब्राझीलमधील जपानी आणि न मानलेला पराभव

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जपान शरण गेल्यानंतरही ब्राझीलमधील बहुतेक जपानी स्थलांतरितांनी ते मान्य केले नाही आणि त्या वादातून त्यांच्यातच खून झाले, असे वाचनात आले. हे खरे आहे का? एवढी मोठी बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही का?

उत्तर : हे खरे आहे, पण बातमी पोहोचली नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. सम्राट हिरोहितो यांची १५ ऑगस्ट १९४५ ची घोषणा रेडिओच्या लघुलहरींवरून चोरून ऐकणारे लोक तेथे होते आणि तेथील पोर्तुगीज भाषेतील वृत्तपत्रांतही शरणागतीचे वृत्त छापून आले होते. तरीही बहुसंख्यांनी ते खोटे मानले. याचे कारण समजण्यासाठी ही माणसे ब्राझीलला कशासाठी गेली होती, तेथून सुरुवात करावी लागते.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये संपली आणि साओ पावलो प्रांतातील कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे झाले. मळ्यांवरील हालांच्या बातम्या ऐकून इटलीने १९०२ मध्ये ब्राझीलच्या खर्चाने होणारे स्थलांतर बंद केले. दुसरीकडे अमेरिकेने १९०७-०८ मध्ये जपानी मजुरांना आपले दार जवळजवळ लावून घेतले. या दोन घटनांची सांगड पडली आणि १८ जून १९०८ रोजी ‘कासातो मारू’ हे जहाज कोबेहून निघून, ५२ दिवसांच्या प्रवासानंतर, ७८१ कंत्राटी स्थलांतरितांना घेऊन सांतोस बंदराला लागले. कुटुंबात काम करू शकणारी किमान तीन माणसे असावीत अशी अट असल्यामुळे, चुलतभाऊ किंवा ओळखीचा तरुण ‘मुलगा’ म्हणून कागदावर लावून कितीतरी कुटुंबे जुळवण्यात आली होती. चार-पाच वर्षे काम करायचे, पैसे गाठीला बांधायचे आणि गावी परतून जमीन घ्यायची, असा बहुतेकांचा बेत होता. प्रत्यक्षात मळ्याच्या दुकानातील उधारीच फिटेना. बरेच जण मळे सोडून पळाले, पुढे खंडाने किंवा विकत जमीन घेऊन वसाहती करून राहिले. १९२४ मध्ये अमेरिकेचे दार पूर्ण बंद झाल्यावर जपान सरकारने प्रवासखर्च देऊन ब्राझीलकडे लोक पाठवले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेथे जपानी वंशाचे सुमारे दोन लाख लोक होते.

एवढी वर्षे गेली तरी परतण्याचा बेत मोडला नव्हता, ही या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. वसाहतीत वस्ती होताच शाळा निघे आणि तीत जपानी शिकवले जाई, कारण उद्या मुलांना जपानमध्येच राहायचे आहे असे आईबाप धरून चालत. त्यामुळे कित्येक मोठ्या माणसांना पोर्तुगीज कामापुरतेच येत असे. त्यांचे सगळे जग जपानी वृत्तपत्रांवर चालत होते, आणि नेमकी तीच वाट सरकारने बंद केली. ब्राझीलचे तेव्हाचे हुकूमशहा जेतुलियो वार्गास यांच्या राजवटीत १९३८ पासून परकी भाषांच्या शाळांवर आणि १९४१ मध्ये परकी भाषांतील वृत्तपत्रांवर बंदी आली. जानेवारी १९४२ मध्ये ब्राझीलने जपानशी संबंध तोडल्यावर चारचौघांत जपानी बोलणे हाही गुन्हा ठरला. जुलै १९४३ मध्ये तर सांतोसमधील जपानी कुटुंबांना चोवीस तासांत घरेदारे सोडून जाण्याचा हुकूम झाला. (त्या काळातील छळाबद्दल ब्राझीलच्या एका सरकारी आयोगाने जुलै २०२४ मध्ये माफी मागितली.)

अशा स्थितीत ऑगस्ट १९४५ उजाडला. ज्या सरकारने भाषा बंद केली त्याच सरकारच्या देशातील वृत्तपत्रे पराभव सांगत होती. घोषणा ऐकलेल्यांनाही तिची दरबारी जपानी भाषा नीट कळली नव्हती. तीत ‘शरणागती’ हा शब्दही नव्हता. शिवाय पराभव मानला तर परत जायचे कोठे, हा प्रश्न प्रत्येकापुढे उभा होता. समाजाची दोन शकले झाली : विजय झाला असे मानणारे ‘काचिगुमी’ आणि पराभव मानणारे ‘माकेगुमी’. दुसऱ्या गटात सहकारी संस्थांचे चालक, व्यापारी, शिकलेले लोक अधिक होते. लोकांना न्यायला जपानी जहाजे निघाली आहेत अशा अफवा उठल्या आणि लबाडांनी कवडीमोलाचे येन चढ्या भावाने विकून भोळ्या लोकांना लुबाडले.

‘शिंदो रेनमेई’, म्हणजे प्रजाधर्माची संघटना, ही काचिगुमींची सर्वांत मोठी संघटना होती. मार्च १९४६ ते जानेवारी १९४७ या काळात अतिरेकी काचिगुमींनी माकेगुमींवर केलेल्या हल्ल्यांत २३ जण मारले गेले. मरणारे आणि मारणारे दोघेही जपानीच होते. जुलै १९४६ मध्ये साओ पावलोच्या प्रांतप्रमुखांनी काचिगुमींच्या पुढाऱ्यांना बोलावून समजूत घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘बिनशर्त शरणागती’ हे शब्द वापरू नयेत अशी मागणी त्या पुढाऱ्यांनी केली. या हत्यांचे पडसाद देशभर उमटले. ऑगस्ट १९४६ मध्ये घटना समितीपुढे जपानी स्थलांतर कायमचे बंद करण्याची दुरुस्ती आली, तेव्हा ९९ विरुद्ध ९९ अशी समान मते पडली आणि अध्यक्षांच्या एका निर्णायक मतामुळे ती फेटाळली गेली.

प्रश्न : मग त्यांच्यापैकी कोणी जपानला परतले का?

उत्तर : पहिल्या पिढीतले फारच थोडे. बहुतेकांनी युद्धानंतर परतण्याचा विचार सोडला आणि मुलांना शहरांत शिकायला धाडले. परतण्याची लाट आली ती नातवंडांच्या काळात, आणि तीही उलट्या हेतूने. ब्राझीलमध्ये महागाई भडकलेली असताना जपानच्या कारखान्यांना माणसे हवी होती. १९९० मध्ये जपानने कायदा बदलून तिसऱ्या पिढीपर्यंतच्या जपानी वंशजांना राहण्याचा व काम करण्याचा परवाना दिला. हामामात्सुसारख्या कारखानदारीच्या शहरांत पोर्तुगीज पाट्या लागल्या आणि २००७ च्या सुमारास जपानमधील ब्राझिलियनांची संख्या तीन लाखांच्या पुढे गेली. या कामगारांना ‘देकासेगी’, म्हणजे घर सोडून कमाईसाठी जाणारे, म्हणतात. आजोबाही ब्राझीलला देकासेगीच म्हणून गेले होते. पुढे मंदी आल्यावर, २००९ मध्ये, बेकार झालेल्या या नातवंडांना ब्राझीलला परत जाण्यासाठी जपान सरकारने माणशी तीन लाख येन देऊ केले, आणि ते घेणाऱ्याने त्याच परवान्यावर पुन्हा यायचे नाही, अशी अट घातली.