स्पितीत जीवाश्म कुठे शोधायचे, आणि सापडला तर घरी आणता येतो का?

प्रश्न असा आहे: "आम्ही चौघं जूनअखेर स्पितीला जातोय. लांग्झा गावाजवळ चुनखडीच्या डोंगरात जीवाश्म सापडतात असं ऐकलं. नेमके कुठे बघायचे? हातोडी न्यावी का? एखादा घरी आणला तर चालतो का?"

हातोडी घरीच ठेवा, आणि सापडलेला दगडही तिथेच ठेवा. का ते पुढे सांगतो. आधी बघायचं कुठे आणि कसं.

सह्याद्रीत भटकून तयार झालेली नजर स्पितीत गोंधळते. आपला सह्याद्री म्हणजे जवळपास सगळा ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा लाव्हा, त्यात शिंपले कुठून असणार? (लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात थोडंफार मिळतं, आणि गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, पण तिथला खडक निराळा.) स्पितीत मात्र तुम्ही समुद्राच्या तळावर चालत असता. भारताचा भूखंड आशियाला धडकला तो साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी दोघांच्या मधे टेथिस समुद्र होता आणि भारताच्या उत्तर कडेला कोट्यवधी वर्षं चिखल, वाळू आणि चुना साचत राहिला. तोच गाळ आता ४,००० मीटरच्या वर उभा आहे. झाडं नाहीत, माती नाही, पाऊस नावापुरता, त्यामुळे थर न थर उघडा दिसतो.

लांग्झाला गेल्यावर बहुतेक लोक चुनखडीच्या राखाडी कड्यांकडे बघत बसतात. तुम्ही खाली बघा, काळ्या, घसरड्या, पायाखाली कुरकुरणाऱ्या उतारांकडे. ही स्पिती शेल, साधारण १६ ते १४ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्री चिखल. लोक ज्याच्यासाठी येतात ते अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे वेटोळ्याचे शंख, याच्यात मिळतात. शेल बोटांनी चुरडली जाते, पण तिच्यात मधूनच मुठीएवढे गोटे दिसतात. ते काळपट, बाहेरून गुळगुळीत आणि उचलल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागतात. बर्फ आणि उन्हाने त्यातले काही आपोआप फुटलेले असतात. आत शंखाचं वेटोळं असतं आणि त्यावर बारीक बरगड्या. बोट फिरवून बघा: बरीचशी बरगडी आतून एकेरी निघते आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत तिच्या दोन होतात. ज्यांच्या देवघरात शाळिग्राम आहे त्यांची नजर अर्धी तयारच म्हणायची, कारण याच काळ्या खडकाचा पट्टा पुढे नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या बाजूला निघतो आणि गंडकीत मिळणारे शाळिग्राम तिथलेच.

गोट्यातच का, तर मेलेला प्राणी चिखलात कुजताना त्याच्या आसपासच्या पाण्याचं रसायन बदलतं आणि तेवढाच चिखल आधी घट्ट होतो. नंतर वरच्या थरांचं ओझं आलं की बाकीची शेल दबून पातळ होते, गोटा मात्र तसाच राहतो आणि आतला शंखही. गोट्याबाहेर शेलमध्येच अडकलेले अमोनाइट बघा, कागदासारखे चपटे झालेले असतात.

शेलमध्येच बोटभर लांबीचे, एका टोकाला निमुळते दगडी दांडे मिळाले तर ते बेलेमनाइट. माकुळाच्या जातीचे प्राणी, त्यांच्या शरीरातला हा कडक भाग.

चुनखडीत जीवाश्म भरपूर असतात, पण ते सुटे होत नाहीत. शंखही चुन्याचा आणि खडकही चुन्याचा, दोन्ही एकजीव झालेले. तिथे वस्तू दिसत नाही, तिचा काप दिसतो. खडकावर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडा, राखाडी रंग गडद होतो आणि पांढऱ्या रेषा उठून दिसतात. मधे भोक असलेल्या छोट्या गोल चकत्या म्हणजे क्रिनॉइडच्या, समुद्रतळाला देठाने चिकटून राहणाऱ्या फुलासारख्या प्राण्याच्या, देठाचे तुकडे. हाताच्या पंजाएवढ्या जाड, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या आकृत्या दिसल्या तर तो मेगालोडॉन. नाव ऐकून शार्क आठवेल, पण हा ट्रायासिक काळातला (साधारण २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा) शिंपला आहे, शार्कशी त्याचं काही नातं नाही.

चौघांपैकी कुणाला खरंच गोडी असेल तर एक दिवस पिन खोऱ्यातल्या मुद गावाला द्या. तिथे ट्रायासिकच्या आधीच्या पर्मियन काळाची काळी शेल संपते, मधे गंजलेल्या रंगाचा एक पातळ थर येतो आणि वर ट्रायासिकची चुनखडी सुरू होते. त्या पातळ थराच्या आसपास २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा महाविनाश आहे, ज्यात समुद्रातल्या बहुसंख्य जाती संपल्या. मला विचाराल तर लांग्झाच्या शंभर अमोनाइटांपेक्षा ही एक रेघ बघण्यासारखी आहे. मात्र फोटोत ती काहीच दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता घरी आणण्याबद्दल. कायद्याची बाजू थोडक्यात अशी: राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून (पिन व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान आहे) काही उचलायचा प्रश्नच येत नाही. १९२७ च्या वन कायद्यात जंगलातला दगड आणि चुनखडीसुद्धा वनोपज धरली आहे. आणि लांग्झाचे गावकरी स्वतःच सांगतात की नेऊ नका. एवढं पुरायला हवं. पण लोक म्हणतात, "एवढे पडलेत, एकाने काय होतंय?" म्हणून खरं कारण सांगतो. जीवाश्माची निम्म्याहून जास्त किंमत तो कुठल्या थरात होता यात असते. तुमच्या शोकेसमध्ये आल्यावर तो फक्त वेटोळं असलेला दगड.

याचं सगळ्यात कडू उदाहरण हिमालयाचंच आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले व्ही. जे. गुप्ता यांनी वर्षानुवर्षं हिमालयातल्या जीवाश्मांवर शेकडो शोधनिबंध लिहिले. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलंट यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की त्यातले काही नमुने हिमालयातले नव्हतेच; काही अमोनॉइड (अमोनाइटच्या गोत्रातले) तर मोरोक्कोत मिळतात तसे, दुकानात विकले जातात त्या जातीचे होते. नमुने खरे होते, खोटी होती ती जागा. तेवढ्याने हिमालयाच्या भूविज्ञानाचा केवढा तरी भाग पुन्हा तपासून बघावा लागला. तुम्ही काही फसवणूक करणार नाही, पण जागेची नोंद नसलेला दगड पुढे कुणाच्या हाती गेला तर त्याचीही तीच गत.

त्यामुळे आणायचं ते फोटोत आणा. जीवाश्माशेजारी नाणं ठेवून एक जवळून, दोन पावलं मागे जाऊन एक, आणि समोरच्या अख्ख्या उताराचा एक. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. गोटा थरात रुतलेला होता की घसरून खाली आलेला, हेही लिहा. घसरलेला असेल तर वर मान करून तो कुठल्या थरातून सुटला असेल याचा अंदाज घ्या. मला तर शोधण्याइतकीच मजा यात येते. काही वेगळं वाटलं तर डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेला फोटो पाठवता येतात. तिचं संग्रहालयही आहे, परतताना वाट वाकडी करायला हरकत नाही.

गावात कुणी अमोनाइट विकायला आणलाच तर घेऊ नका. घासाघीसही करू नका, कारण स्वस्तात मागितला तरी मागणी आहे हेच समजतं. पैसे द्यायचेच असतील तर गावातल्या होमस्टेमध्ये राहा आणि सकाळी तिथल्याच कुणाला वाटाड्या म्हणून बरोबर घ्या. कुठला उतार पायाखालून सरकतो हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्या काळ्या उतारांवर ते ठाऊक असणं महत्त्वाचं आहे.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. 'स्पिती शेल' हे नाव देणारा फर्डिनांड स्टोलिच्का १८६४-६५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी हे डोंगर पायी फिरला. १८७४ साली मध्य आशियातल्या यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये तो वारला, वय ३६. उंचीच्या त्रासाने गेला असं मानतात. लांग्झा सुमारे ४,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे एका दिवसात काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, गाठू नका. शिमल्याहून किन्नौर, नाको, ताबो असे मुक्काम करत हळूहळू चढा, काझात पोचल्यावर दुसरा दिवस आराम करा आणि मगच लांग्झाला जा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर त्याच दिवशी खाली उतरा, जीवाश्म अर्धे बघून झाले असले तरी.