देय तारीख टेबलात भरू नकोस

अरे, बिलाच्या देय तारखेसाठी अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या टेबलात वेगळा रकाना कशाला? बिलाची तारीख आणि उधारीचे दिवस एवढंच ठेव, बाकी अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत (टेबलातून हवी ती माहिती काढायची मागणी) डेटअ‍ॅड हे तारखेत दिवस-महिने मिळवणारं फंक्शन काढून देतं. पंचवटीतल्या आमच्या खत-औषधांच्या दुकानात मी आधी हातानेच भरायचो. द्राक्षवाल्यांची मुदत वाढवली की निम्म्या तारखा जुन्याच राहायच्या!

एक मेख आहे. ‘एक महिना’ आणि ‘30 दिवस’ एकच नाहीत. 31 जानेवारी 2025 मध्ये महिना मिळवलास तर 28 फेब्रुवारी येते, 30 दिवस मिळवलेस तर 2 मार्च. गिऱ्हाइकाशी काय ठरलंय ते शेठना आधी विचार. आणि रिपोर्टातल्या चौकटीला सूत्रात वापरलेल्या फील्डचंच (टेबलातल्या रकान्याचंच) नाव देऊ नकोस, नाहीतर तारखेच्या जागी एरर छापून येईल.