वडील गेल्यावर आलेले हप्ते

प्रश्न : वडील सप्टेंबर २०२३ मध्ये वारले. वारस नोंद राहून गेली. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे पैसे मात्र ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्यांच्या खात्यात येत राहिले. कार्ड धाकट्या भावाकडे होतं, तो काढत गेला. सगळे बी-बियाण्यात गेले. आता तहसीलमधून नोटीस आली आहे : १८,००० रुपये भरा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढवू. गुन्हा दाखल होईल का? आईच्या नावाने योजना सुरू होईल का? बहिणीचं लग्न झालंय, तिचं नाव नाही लावलं तर चालेल ना?
(औसा तालुक्यातील वाचक)

उत्तर : पैसे परत करावे लागतील, पण सगळे नाहीत. १८,००० म्हणजे पीएम किसानचे चार हप्ते आणि नमोचे पाच, प्रत्येकी दोन हजारांचे. हप्ता खात्यात कधी पडला एवढंच पाहू नका, तो कोणत्या काळाचा आहे ते बघा. नमोचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला जमा झाला, पण तो एप्रिल ते जुलै २०२३ चा. तेव्हा वडील हयात होते. ते दोन हजार त्यांच्या हक्काचे होते, वसुलीतून वगळा असं नोटिशीच्या उत्तरात स्पष्ट लिहा. ऑगस्ट-नोव्हेंबर २०२३ चे दोन हप्ते, म्हणजे पीएम किसानचा पंधरावा आणि नमोचा दुसरा, वादाचे आहेत. काळ सुरू झाला तेव्हा ते जिवंत होते. मागणी जरूर करा, मान्य होईलच असं नाही. उरलेल्या १२,००० वर वाद घालू नका.

भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेली रक्कम घेणाऱ्याने परत करायची. इथे 'घेणाऱ्याने' हा शब्द महत्त्वाचा. हे वडिलांचं कर्ज नाही, त्यांच्या माघारी भावाने उचललेले पैसे आहेत. म्हणून आई-बहिणीचा हिस्सा असलेल्या जमिनीवर बोजा कशासाठी, हा मुद्दा उत्तरात घ्या. पैसे भरताना केंद्राचे (पीएम किसान) आणि राज्याचे (नमो) वेगळे दाखवून घ्या, दोन्हीच्या पावत्या जपा.

गुन्ह्यासाठी अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. खोटा कागद दिला नसेल आणि मागताच पैसे भरले, तर मला तशी मोठी भीती वाटत नाही. पण मेलेल्या माणसाचं कार्ड चालवणं हा पोरखेळ नव्हे, हे धाकट्याला सांगा. मृत्यूचा दाखला बँकेत देऊन खातं आजच थांबवा.

बहिणीबद्दल विचारलंत ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. लग्नाने वारसा जात नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुलगी पहिल्या वर्गातले वारस आहेत. तिला हिस्सा नको असेल तर ती स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल. परस्पर नाव गाळलंत तर उद्या फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीला, हरकत येईल आणि आईचं कामही अडकेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत वारसाची वर्दी, म्हणजे खबर, द्यायची होती. उशीर झाला म्हणून नोंद बंद होत नाही. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे जा.

आईचं म्हणाल तर मार्ग मोकळा आहे. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन पीएम किसानला चालत नाही हा नियम खरा, पण मालकाच्या मृत्यूने वारसाकडे आलेली जमीन त्याला अपवाद आहे. सातबाऱ्यावर नाव, शेतकरी ओळख क्रमांक, आधार जोडलेलं खातं, एवढं जुळलं की नवी नोंदणी करा. ती आयकर भरत नसावी, दहा हजार किंवा जास्त पेन्शनही नसावी. मधल्या काळाचे हप्ते मागून मिळतील आणि वसुलीतून वळते होतील, हा हिशेब मात्र मनात धरू नका.

नोटीस कधी मिळाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुदत संपत आली असेल तर लेखी उत्तर आधी आवक-जावकला द्या, पोच घ्या. भरणा दोन दिवसांनी केलात तरी चालेल.