वाचकांचे प्रश्न : जुन्या नाशकातला वाडा घ्यावा का?

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो. जुन्या नाशकात, गोदाघाटापासून पाच मिनिटांच्या अंतरावर एक दुमजली वाडा विक्रीस आहे. सागवानी खांब, दगडी जोते, मधला चौक पाहून मी हरखून गेलो. मालक तीन भाऊ आहेत. खालच्या खोलीत एक जुना भाडेकरू आहे, तो सोडून जाण्यास तयार असल्याचे मालक सांगतात. दर्शनी भिंतीला त्यांनी नुकताच सिमेंटचा गिलावा केला असून ते इसाराची घाई करत आहेत. डागडुजी करून तिथे राहावे असे मला वाटते, पत्नीला मात्र धास्ती वाटते. आपला सल्ला काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इसार देण्यापूर्वी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) ताजा उतारा काढावा आणि वकिलाकडून तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घ्यावा. मालक तीन भाऊ असल्याचे आपण लिहिता, बहिणींचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. वाडा वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. ‘आम्हाला माहेरचे काही नको’ असे त्या तोंडाने म्हणत असल्या तरी नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर त्यांची सही हवीच. एकाच भावाचा हिस्सा आधी घेऊन ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण राहत्या घराचा अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला कुटुंबाबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही, त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो.

भाडेकरूच्या तोंडी होकारावर विसंबू नये. मालक बदलल्याने भाडेकरार संपत नाही आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण त्याला नव्या मालकाविरुद्धही राहते. खोली रिकामी होऊन ताबा मालकांकडे आल्यावरच खरेदीखत करावे.

आता वास्तूकडे वळू. नव्या गिलाव्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. वाड्याच्या भिंती माती, भाजक्या विटा आणि चुन्याच्या असतात. त्या पावसाळ्यात ओल घेतात आणि उन्हाळ्यात सोडतात. त्यावर सिमेंटचा घट्ट थर बसला की ओल आतच कोंडते, भिंत फुगते, आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजू लागतात. तुळई मधोमध ठणठणीत दिसते, म्हणून बघणारा फसतो. टोकापाशी टोचा रुतवून पाहावा; तो सहज आत गेला किंवा भुसा गळाला, तर ती तुळई बदलण्याचा खर्च गृहीत धरावा. विकण्याच्या तोंडावर केलेला गिलावा बहुधा काहीतरी झाकण्यासाठी असतो, हे माझे मत मी लपवत नाही.

शेजारचा वाडा पाडलेला आहे का, तेही पाहावे. या वाड्यांची एक भिंत अनेकदा सामाईक असते; शेजार गेला की कधीही पाऊस न पाहिलेली ती भिंत उघड्यावर येते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला रचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र लागते आणि महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. या मिळकतीला तशी नोटीस आहे का, याची विभागीय कार्यालयात चौकशी करावी. घाट एवढा जवळ आहे, तेव्हा २०१६ आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारावे. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढले की आपल्या गल्लीत शिरते, हे त्यांना पाठ असते. मिळकत निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीच्या पुराच्या पट्ट्यात, येत असेल, तर बांधकामाची परवानगी अवघड होते.

हे सारे पार पडले तर वाडा जरूर घ्यावा. पहिला पैसा छपरावर आणि पन्हाळींवर, दुसरा सांडपाण्याच्या वाहिन्यांवर, तिसरा विजेच्या नव्या तारांवर आणि अर्थिंगवर घालावा. रंग, दिवे, झोपाळा नंतर. सिमेंटचा गिलावा खरवडून त्या जागी चुन्याचाच गिलावा करावा, त्याचे जाणते गवंडी शोधायला वेळ लागेल. न्हाणीघर आणि शौचकूप खालच्या मजल्यावरच ठेवावे. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन असते, म्हणून ती लाकडी कडीपाटावर न चढवता परसात वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवावी. आणि इसाराची घाई असलेल्या मालकांना, एक जोरदार पाऊस झाल्यावर वाडा पुन्हा पाहूनच बोलू, असे कळवावे.