रस्त्यात येणारा जुना वड गाव का तोडू देत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, रस्ता रुंद करताना गावातला जुना वड आड येतो आणि गावकरी तो तोडू देत नाहीत, तेव्हा त्यामागे निव्वळ भावना असते की आणखी काही. मी मिरज तालुक्याच्या पूर्व भागात लहानाचा मोठा झालो, त्यामुळे याचे उत्तर मला भोसे गावच्या वडावरूनच द्यावेसे वाटते.

मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, यल्लम्मा देवीच्या मंदिरालगत हा वड उभा होता. त्याचे वय चारशे वर्षे सांगितले जात असे. वडाचे मूळ खोड कालांतराने पोकळ होते आणि जमिनीत रुजलेल्या पारंब्यांचीच नवी खोडे बनतात, त्यामुळे त्याचे नेमके वय काढणे अवघड असते; परंतु या वडाशिवायचे भोसे पाहिलेले कोणीही हयात नव्हते, एवढे निश्चित. आमचा हा भाग कमी पावसाचा आहे. येथून पुढे कवठेमहांकाळ आणि जतकडे जाताना सलग मोठी सावली क्वचितच मिळते, आणि म्हणून पंढरीला पायी निघालेले वारकरी, देवीला आलेले भाविक, बाजाराहून परतणारे शेतकरी या सर्वांचा विसावा त्याच झाडाखाली होई. वडाची पिकलेली फळे खायला येणारे पक्षी आणि वटवाघळे हाही त्या गोतावळ्याचाच भाग होता. देऊळ आणि वड यांत अंतर करण्याची तेथे कोणाला कधी गरजच वाटली नाही. देवीला जाणे म्हणजे वडाखाली जाणे, असाच त्याचा अर्थ होता.

रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात हा वड तोडला जाणार, असे २०२० मध्ये समजले, तेव्हा टाळेबंदीचा काळ असूनही ग्रामस्थ आणि पर्यावरण कार्यकर्ते झाडाभोवती उभे राहिले. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्याकडे हा विषय नेला आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात झाड न तोडता आराखड्यात बदल करण्याचे ठरले. एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्गाने बाजूला व्हावे, ही गोष्ट सोपी नव्हती. ते श्रेय मी आधी गावाला देतो, कारण मंत्र्यांपर्यंत पत्र पोहोचण्यापूर्वी झाडाजवळ माणसे पोहोचलेली होती.

मात्र येथे थांबलो तर उत्तर अपुरे राहील. २०२२ च्या जून महिन्यात तो वड उन्मळून पडला. ती बातमी कळली, तेव्हा घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे आम्हाला झाले. तो कशामुळे पडला यावर निरनिराळी मते ऐकायला मिळतात आणि मी कोणा एकावर ठपका ठेवणार नाही. पण या प्रसंगानंतर वड उभा कसा राहतो याचा मी बारकाईने विचार करू लागलो. कोलकात्याजवळच्या हावड्यातील वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरीही ते झाड आजतागायत जगून आहे, कारण त्याच्या हजारो पारंब्या जमिनीत रुजून खांब झालेल्या आहेत. म्हणजे वडाचा खरा आधार त्याच्या पसाऱ्यात असतो. फांद्या छाटल्या की पारंब्या जातात, भोवतालची जमीन खोदली की मुळे तुटतात, वर डांबर किंवा फरसबंदी आली की उरलेल्या पारंब्यांना रुजायला मातीच मिळत नाही; अशा झाडाचे खोड शाबूत दिसले तरी त्याच्या पायाखालची जमीन गेलेली असते.

म्हणून आपल्या गावचा वड वाचवायचा असेल, तर केवळ ‘खोडाला हात लावणार नाही’ एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नका, असे मी आग्रहाने सांगेन. महाराष्ट्रात पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली खरी, परंतु ती ज्या कायद्यात झाली तो मुळात नागरी क्षेत्रांपुरता आहे, त्यामुळे गावच्या झाडाचा भार बहुतेक वेळा गावावरच पडतो. ग्रामसभेत ठराव करताना फांद्यांच्या विस्ताराखालची आणि त्याहूनही थोडी बाहेरची जमीन मोकळी ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. पाराला सिमेंटचे वेढे घालू नका. लोंबणाऱ्या पारंब्या कोणाला कापू देऊ नका, आणि ज्या जमिनीच्या जवळ आल्या आहेत त्यांना माती भरलेल्या पोकळ बांबूतून खाली उतरवा. काही वर्षांत त्या जाड होऊन फांदीचे ओझे पेलू लागतात. हे काम पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलेले बरे, कारण तेव्हा माती ओली राहते आणि पारंबी लवकर मूळ धरते.