बहरीनची बेटं नेमकी किती, आणि त्यातली पाहायची कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत चार दिवस बहिणीकडे बहरीनला येताय. कुठे ३३ बेटं वाचलीत, कुठे ८४. तुम्हाला 'खरी' बेटं पाहायची आहेत, बिल्डरांनी बनवलेली नकोत. आणि जाता जाता, मेहुण्यांनी अम्वाज या भर घालून बनवलेल्या बेटांवर फ्लॅट घ्यावा का? मी इथे बरीच वर्षं राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. ३३ हा नैसर्गिक बेटांचा पुस्तकी आकडा. ८४ मध्ये भर घालून बनवलेली बेटंही मोजलेली आहेत. दोन्हींवर फार विसंबू नका. दोन बेटांमधली उथळ खाडी बुजवली की यादीतलं एक बेट कमी होतं आणि एखाद्या प्रकल्पात कालवा खणला की दोन वाढतात. त्यापेक्षा क्षेत्रफळ पाहा. १९७०च्या दशकात जेमतेम ६६० चौरस किलोमीटरचा हा देश आज ७८०च्या आसपास पोचलाय. ही सगळी वाढ समुद्र हटवून झाली आहे. इथला समुद्र आहेच इतका उथळ की काही ठिकाणी ओहोटीला माणूस लांबवर चालत आत जातो. ड्रेजरने तळाची वाळू उपसायची, पाइपातून सोडायची, कडेने दगडांचा बांध घालायचा. बाकी पैशाचा प्रश्न, आणि तो अनेक वर्षं प्रश्न नव्हता.

म्हणून खरं बेट आणि खोटं बेट हा तुमचा भेद इथे फारसा टिकत नाही. मुहर्रकचंच घ्या. तुमचं विमान तिथेच उतरेल. देशातलं दुसरं महत्त्वाचं बेट, ग्रीकांच्या काळापासून नोंदलेलं. पण त्याच्या आजच्या नकाशातला बराच भाग भरावाचा आहे. अरद आणि हिद ही गावं पूर्वी मुख्य मुहर्रकपासून उथळ पाण्याने तुटलेली होती, आता मधून गाडी कुठे आली ते कळतही नाही. राजधानी मनामातही तेच. बाब अल-बहरीन ही कमान सर चार्ल्स बेलग्रेव्ह या इंग्रज सल्लागाराच्या काळात, १९४०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली तेव्हा समुद्र तिच्या अगदी मागे होता. आज त्या बाजूला फायनान्शियल हार्बरचे मनोरे आहेत आणि पाणी शोधायला बरंच चालावं लागतं. तुम्ही कमानीखाली नक्की उभ्या राहा, पण पाठ बाजाराकडे करून. कुठून कुठवर जमीन वाढली याचा अंदाज तिथे जसा येतो तसा कुठल्या संग्रहालयात येत नाही.

एक पूर्ण दिवस मुहर्रकच्या जुन्या गावाला द्या. यावर मी वाद घालणार नाही. तिथला 'मोत्यांचा मार्ग' २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. व्यापाऱ्यांची, नाखवांची, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची घरं मिळून १७ वास्तू, दक्षिण टोकाचा बू माहिर किल्ला, आणि मोत्यांचे शिंपले मिळायचे ते समुद्रातले तीन पट्टेसुद्धा. इथले मोती मुंबईला जायचे. तिथे त्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची आणि तिथून ते पुढे जगभर. बहरीनमध्ये १९६५ पर्यंत व्यवहार रुपयात चालायचे, त्यामागे हाच जुना राबता होता. १९३०च्या आगेमागे जागतिक मंदी आली, जपानी संवर्धित मोती आले आणि धंदा बसला. नशीब असं की १९३२ मध्ये तेल लागलं. पाणबुडे समुद्राच्या तळाशी फुटणाऱ्या गोड्या झऱ्यांवर कातडी पिशव्या भरून आणत आणि तेच पाणी पीत. जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसल्यामुळे ते झरे आता जवळपास संपलेत. त्याची हळहळ इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येते, भरावाची क्वचितच येते.

आता बाकीची नैसर्गिक बेटं. यातली बरीचशी तुम्हाला पाहताच येणार नाहीत किंवा पाहण्यासारखी राहिलेली नाहीत, हे आधीच सांगतो. सित्रा एके काळी खजुराच्या बागांचं बेट होतं, आज तिथे तेलाच्या टाक्या आणि कारखाने. नबीह सालेह छोटंसं, पुलावरून जाताना ओलांडून जाल. उम्म अन-नसान चांगलं मोठं आहे, पण राजघराण्याच्या ताब्यात. सौदीला जाणारा किंग फहद कॉजवे, म्हणजे समुद्रावरून बांधलेला रस्ता, त्याच्यावरून जातो, उतरायला मात्र परवानगी नाही. त्याच्या उत्तरेला जिद्दा हे लहान बेट आहे, तिथे पूर्वी तुरुंग होता. याच कॉजवेच्या मध्यावर पासपोर्ट आणि कस्टम्ससाठी एक आख्खं कृत्रिम बेट घातलंय. २५ किलोमीटरचा हा रस्ता १९८६ मध्ये खुला झाला. गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी तिकडे फिरकू नका, सौदीतून येणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण मात्र यादीत बेट म्हणून लिहावं की नाही असं आहे. जरादा. समुद्रातला वाळूचा दांडा. ओहोटीला शेकडो मीटर लांब पांढरी वाळू उघडी पडते, सुट्टीच्या दिवशी लोक होड्या घेऊन जातात, पोरं क्रिकेट खेळतात. भरतीला उरतं ते एका खोलीएवढं. पण या खोलीएवढ्या वाळूवरून कतार आणि बहरीन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भांडले. भरतीतही डोकं वर राहतं म्हणजे ते बेटच, असं न्यायालयाने १६ मार्च २००१ च्या निकालात म्हटलं आणि ते बहरीनला दिलं. शेजारचा फश्त अद-दिबल (फश्त म्हणजे समुद्रातला उथळ पट्टा) भरतीला बुडतो, तो कतारकडे गेला. त्याच दिबलवर १९८६ मध्ये बहरीन बांधकाम करत होता, तेव्हा कतारी सैनिकांनी हेलिकॉप्टरने येऊन कामगारांना उचलून नेलं होतं. वाळू किती वर येते यावर सागरी हद्द ठरते आणि त्या हद्दीखाली तेल-वायू असू शकतो हे वेगळं सांगायला नको.

त्या खटल्यातला मोठा घास हवार बेटांचा होता. नकाशा पाहिलात तर वाटेल ती कतारचीच असणार. कतारच्या किनाऱ्यापासून ती हाकेच्या अंतरावर, बहरीनपासून मात्र वीस-एक किलोमीटर. ब्रिटिशांनी १९३९ मध्ये ती बहरीनची ठरवली होती आणि न्यायालयाने तेच कायम केलं. कतारच्या किनाऱ्यावरचं झुबारा आणि हवारजवळचं जनान हे छोटं बेट कतारला मिळाले. कतारने दाखल केलेली ८२ कागदपत्रं बनावट असल्याचा आक्षेप बहरीनने घेतला आणि शेवटी कतारने ती बाजूला ठेवली. कोर्टकचेऱ्यांची आवड असेल तर हा निकाल जरूर वाचा, रंजक आहे.

हवारला गेलात तर पक्ष्यांसाठी जा. सुकोत्रा पाणकावळ्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक तिथे आहे आणि हिवाळा हाच त्यांचा विणीचा हंगाम. १९९७ पासून हवार ही रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातली महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आसपासच्या पाण्यात समुद्रगवतावर जगणाऱ्या समुद्रगायी आहेत. १९८६ मध्ये विमानातून पाहणी करताना याच भागात सहाशेहून जास्त समुद्रगायींचा एकच कळप दिसला होता. तुम्हाला एकही दिसेल अशी आशा ठेवू नका, त्या लाजऱ्या असतात.

भरावाचा खरा भुर्दंड याच समुद्रगवताने आणि प्रवाळाने भरला. ड्रेजरने उठलेला गाळ कैक दिवस पाण्यात तरंगतो, ऊन खाली पोचत नाही आणि गवत गुदमरतं. सित्र्याच्या पूर्वेचा फश्त अल-अधम हा प्रवाळांचा विस्तीर्ण उथळ पट्टा अशाने आणि नव्वदच्या दशकातल्या तापलेल्या पाण्याने पार खंगला. तुबलीची खाडीही रामसर जागा आहे, तरी तिचा मोठा हिस्सा बुजवला गेला. तिथलं उरलंसुरलं खारफुटीचं रान रास सनदला आहे, संध्याकाळी जा, रोहित पक्षी दिसू शकतात. किनाऱ्यालगत बाणाच्या आकाराची कुंपणं रोवून ओहोटीच्या पाण्यातले मासे अडकवायची 'हद्रा' नावाची जुनी पद्धत होती. किनाराच पुढे सरकल्यावर ती कुठे रोवणार?

मानवनिर्मित बेटांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. मदिनत सलमान सरकारी घरांसाठी आहे, लहान देशात वाढत्या कुटुंबांना जागा हवीच. दक्षिणेचा दुर्रत अल-बहरीन विमानातून पाहायला झकास, माशांच्या आकाराची बेटं आणि गोल पाकळ्या. जमिनीवरून पाहिलं तर बंगल्यांच्या रांगा. तासभर पुरे.

मेहुण्यांचं म्हणाल तर, अम्वाजमध्ये परदेशी नागरिकालाही मालकी हक्काने घर घेता येतं, तो तिथल्या प्रकल्पाचा मुख्य आकर्षणबिंदूच होता. पण आधी वर्षभर भाड्याने राहून पाहावं असं मी सांगेन. देखभालीचे वार्षिक पैसे नीट विचारा, त्यावरून वाद होतात. आणि ही जमीन समुद्रापासून फारशी उंच नाही. तीस वर्षांचा हिशेब करणाऱ्याने समुद्राची वाढती पातळी त्यात धरलीच पाहिजे.

वेळापत्रक: पहिला दिवस मुहर्रक, दुसरा कलात अल-बहरीन हा जुना किल्ला आणि मनामा, तिसरा जरादा. होड्या सित्रा आणि अम्वाजच्या बाजूने मिळतात. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवा, होडीवाला काहीही म्हणो. हवारसाठी एक दिवस जास्त काढता आला तर उत्तम, पण शमाल हा वायव्येचा जोरदार वारा सुटला की होड्या बंद पडतात, तेव्हा ती फेरी परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका.