ईजीएफआर पॉझिटिव्ह म्हणजे आई लवकर जाणार का?

प्रश्न : आई ५८ वर्षांची. तंबाखूला कधी शिवली नाही. खोकला हटेना म्हणून चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, शेवटी बायोप्सीत फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मणक्यातही पोचलाय. रिपोर्टमध्ये ‘ॲडेनोकार्सिनोमा, ईजीएफआर एक्सॉन १९ डिलीशन, पीडी-एल१ ६० टक्के’ लिहिलंय. भावाने नेटवर वाचलं की ईजीएफआर प्रथिन जास्त असलेले रुग्ण लवकर जातात. पीडी-एल१ इतकं असूनही डॉक्टर इम्युनोथेरपी न देता ओसिमर्टिनिबची गोळीच देताहेत. आम्ही काय समजायचं?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, भावाने वाचलं ते वेगळ्याच तपासणीबद्दल आहे. मी पॅथॉलॉजिस्ट, असे रिपोर्ट रोज लिहिते, म्हणून नीट सांगते.

ईजीएफआर हे पेशीच्या अंगावरचं प्रथिन. बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला की ते तो आत रास, ईआरके, एकेटी अशा प्रथिनांकडे पोचवतं, आणि निरोप थांबला की गप्प बसतं. पूर्वी बऱ्याच अभ्यासांत या प्रथिनांना रंग देऊन, किती गडद दिसतात त्यावरून आयुष्याचा अंदाज बांधायचा प्रयत्न झाला. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही : बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, पडायला उशीर झाला तरी यातल्या काही खुणा पुसल्या जातात.

आईच्या रिपोर्टमध्ये प्रथिन किती, हे लिहिलेलंच नाही. लिहिलाय तो जनुकातला बिघाड. जनुकाच्या एक्सॉन १९ या भागातला एक छोटा तुकडा गळाल्यामुळे (तेच ‘डिलीशन’) निरोप थांबतच नाही. टाकी भरून वाहतेय आणि पाण्याची मोटार सुरूच, तसं. गोळी नेमका तोच खटका बंद करते. हा संबंध २००४ मध्ये कळला. आजार पसरलेल्या रुग्णांत फक्त केमो होती, तेव्हा निम्मे रुग्ण साधारण वर्षभरात जात. फ्लॉरा नावाच्या चाचणीत सुरुवातीपासून ओसिमर्टिनिब घेतलेल्यांपैकी निम्मे ३८ महिन्यांहून जास्त जगले. आजार मुळासकट जात नाही, पुढे पेशी दुसरी वाट शोधतात, हेही तुमच्यापासून लपवणार नाही. पण इतक्या पसरलेल्या आजारात एक्सॉन १९ वाचलं की रिपोर्टवर सही करताना मला बरं वाटतं.

पीडी-एल१ चं, म्हणजे प्रतिकारशक्तीला रोखणाऱ्या गाठीवरच्या प्रथिनाचं म्हणाल, तर डॉक्टरांचं बरोबर आहे. ६० टक्के आकडा पाहून इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, मोह होतो, नातेवाईक कर्ज काढायलाही तयार होतात. पण ईजीएफआरचा बिघाड असलेल्या गाठींवर ती एकटी सहसा फारशी चालत नाही. शिवाय ती आधी देऊन लगेच ओसिमर्टिनिब दिली, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो तुमच्या डॉक्टरांनी पाळलाय. गोळी चालू असताना नव्याने दम लागला किंवा कोरडा खोकला वाढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना कळवा.

एक काम मात्र आजच करा. लॅबमधून बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे तुकडा मेणात बसवलेली छोटी वडी, मागून घ्या. पुढे आणखी तपासण्या लागल्या तर तोच उपयोगी पडेल. गेल्या मे महिन्यात एका मुलाने वडिलांचा ब्लॉक धंतोलीतल्या उन्हात, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. माझ्याकडे आला तेव्हा मेण वितळून पिशवीला चिकटलं होतं, आणि त्या थकलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचावी लागली. तुम्ही तो डबीत घालून घरात, कपाटात ठेवा.